पॉवर्सकोर्टच्या भिंतीमागचे पाणी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतील आयर्लंडच्या प्रवासलेखात विकलो परगण्यातल्या पॉवर्सकोर्ट वाड्याच्या बागेवर बराच मजकूर आहे. लेखकाला बाग मनापासून आवडली आहे, आणि ती आवडण्यासारखीच आहे. मात्र ही बाग डोंगराच्या नैसर्गिक पायऱ्यांवर फुलवली आहे आणि तिच्यासमोर निद्रिस्त ज्वालामुखी उभा आहे, ही दोन्ही विधाने चुकीची आहेत. पहिली चूक मोठी आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहोत.

दुसरी आधी निकालात काढू. वाड्यापासून आग्नेयेला चारेक किलोमीटरवर दिसणारा तो सुळका म्हणजे ग्रेट शुगरलोफ, उंची ५०१ मीटर. आकाराने तो ज्वालामुखीसारखा दिसतो खरा, पण तो क्वार्टझाइटचा, म्हणजे दाबाखाली घट्ट झालेल्या अतिप्राचीन वालुकाश्माचा डोंगर आहे. भोवतालचा मऊ खडक झिजून गेला आणि हा कठीण दगड मागे राहिला. लाव्ह्याशी त्याचा संबंध नाही.

आता टप्प्यांकडे येऊ. पॉवर्सकोर्टला १३व्या शतकापासून किल्लेवजा वास्तू होती. १६०३ मध्ये ही जहागीर विंगफील्ड घराण्याकडे आली. आजचा वाडा रिचर्ड कॅसल या वास्तुविशारदाने १७३१ ते १७४१ या काळात, जुन्या भिंती पोटात घेऊन उभा केला. वाड्यापुढची जमीन खाली एका गोल तळ्याकडे उतरत जाते. आज त्याला ट्रायटन (ग्रीक पुराणातला समुद्रदेव) तळे म्हणतात, पूर्वी ते जगीचे तळे म्हणून ओळखले जाई. म्हणजे उतार निसर्गाचा आहे. पायऱ्या मात्र माणसांनी कुदळ-फावड्याने काढलेल्या आहेत, आणि त्या वाड्यानंतर तब्बल शंभर वर्षांनी.

विंगफील्ड घराण्यातल्या सहाव्या व्हायकाउंटने (हा तिथला सरदारी किताब) हे काम १८४३ च्या सुमारास डॅनियल रॉबर्टसन या वास्तुविशारदाकडे दिले. सिसिलीतील व्हिला बुतेराच्या बागेचा नमुना रॉबर्टसनच्या डोळ्यांसमोर होता असे सांगतात. त्याला संधिवाताचा जबर त्रास होता. एकचाकी ढकलगाडीत बसून, हाताशी शेरी या मद्याची बाटली ठेवून तो कामावर देखरेख करी आणि बाटली संपली की दिवसाचे कामही संपे, ही हकीकत पुढे सातव्या व्हायकाउंटनेच लिहून ठेवली. तेव्हापासून प्रत्येक वाटाड्या ती सांगतो, आपल्या लेखातही ती आहे. पण त्याच बागेत शंभरेक मजूर घोडे आणि गाड्या घेऊन राबत होते आणि टप्प्यांच्या या ‘इटालियन बागेचे’ काम एकूण १२ वर्षे चालले असे सांगितले जाते. ढकलगाडीचा उल्लेख करायचा तर त्या मजुरांच्या ढकलगाड्यांचा आधी करायला हवा.

हिशेब अवघड नाही. उदाहरणादाखल १ ला ५ असा मध्यम उतार धरा, म्हणजे पाच मीटर पुढे गेल्यावर जमीन एक मीटर खाली जाते. त्यावर १० मीटर रुंद आणि १०० मीटर लांब सपाट टप्पा काढायचा. वरच्या अर्ध्या भागात खोदाई आणि खालच्या अर्ध्यात भराव, असे केले तर बाहेरून माती आणावी लागत नाही. तरीही प्रत्येक धावत्या मीटरला अडीच घनमीटर, म्हणजे एकूण २५० घनमीटर माती हलवावी लागते. वजनात ती साधारण ४५० टन होते. ढकलगाडीत खेपेला ६०-७० किलो माती मावते असे धरले, तर सुमारे सात हजार खेपा होतात. हे एका लहान टप्प्याचे झाले. पॉवर्सकोर्टला वरची मोठी दगडी गच्ची, तिच्याखाली एकाखाली एक गवताचे टप्पे आणि मधोमध जिने असा सगळा पसारा आहे.

माती नुसती हलवूनही भागत नाही. आधी वरची २०-२५ सेंटिमीटर काळी, सुपीक माती सोलून बाजूला ठेवायची. ढीग दोन मीटरहून उंच केला तर पोटातल्या मातीला हवा मिळत नाही आणि ती कुजते. मग उतारावर आडव्या पायऱ्या कोरून त्यांवर भराव घालायचा. ही पायरी गाळून जुन्या गवतावरच माती ओतली, की खालचे गवत सडून निसरडा थर तयार होतो आणि एखाद्या ओल्या हिवाळ्यात अख्खा भराव त्यावरून घसरतो. भराव १५-२० सेंटिमीटरच्या थरांनी घालून प्रत्येक थर धुमसाने चोपावा लागतो. एकदम मीटरभर माती ओतून वरून चोपले तर खालचा भाग पोकळ राहतो, तो पुढची कित्येक वर्षे बसत राहतो आणि टप्प्याच्या बाहेरच्या कडेला लांबच लांब भेग पडते. सगळ्यात शेवटी बाजूला ठेवलेली काळी माती परत पसरायची.

टप्प्याचा खरा कस लागतो तो धारक भिंतीत. इथल्या भिंतींना ग्रॅनाइट आहे, विकलोच्या डोंगरांचा दगडच तो. अशा भिंतीचा पाया किमान ४५ सेंटिमीटर खोल घेतात, कारण त्याच्या वर थंडीत जमीन गोठून फुगू शकते. तळाशी जाडी उंचीच्या एक तृतीयांश ते निम्मी ठेवतात. दर्शनी बाजू ओळंब्यात न ठेवता आत झुकवतात. कोरड्या रचाईला सहास एक (सहा मीटर उंचीला एक मीटर आत), चुन्यातल्या भिंतीला दहा-बारास एक, इतका कल पुरतो. दर चौरस मीटरला निदान एक लांब दगड भिंतीच्या आत खोलवर गेलेला असावा, नाहीतर दर्शनी थर एक आणि पाठीमागची भरताड दुसरी असे होऊन भिंतीचे पोट सुटते.

हे सगळे नीट केले आणि पाण्याची वाट केली नाही, तर भिंत उभी राहत नाही. दोन मीटर उंच भिंतीवर मागच्या कोरड्या मातीचा रेटा प्रत्येक धावत्या मीटरला साधारण १.२ टन असतो. तीच माती माथ्यापर्यंत पाण्याने भरली की मातीचा रेटा अर्ध्यावर येतो, पण पाण्याचा स्वतःचा २ टनांचा रेटा त्यात मिळतो आणि बेरीज २.६ टनांवर जाते. त्याच भिंतीला एका रात्रीत दुप्पट भार पेलावा लागतो. जुन्या भिंती पडतात त्या बहुतेक अशाच, पावसानंतर आणि मागे तुंबलेल्या पाण्याने. दगडाची ताकद कमी पडली असे फार क्वचित होते.

म्हणून भिंतीला लागून मागे निदान ३० सेंटिमीटर रुंदीची फोडलेल्या दगडांची उभी चर भरतात. तिच्या तळाशी १०० मिलिमीटरची भाजलेल्या मातीची नळी शंभरास एक ढाळाने टाकून बाजूला बाहेर काढतात. शिवाय दर दीड-दोन मीटरवर भिंतीत पाझराची भोके ठेवतात. १८४०च्या दशकात अशा नळ्या यंत्रावर निघू लागल्या आणि स्वस्त झाल्या, त्यामुळे त्या काळातल्या मोठ्या बागांना निचरा सोपा झाला. टप्प्याच्या पृष्ठभागालाही ऐंशीस एक ते शंभरास एक ढाळ लागतो, आणि तो भिंतीच्या कडेकडे देत नाहीत. पाणी वरच्या उताराच्या पायथ्याशी असलेल्या पन्हळीत जमा करून टोकाला नेतात. कडेवरून पाणी ओसंडू दिले की ते माथ्याच्या दगडांखाली शिरते आणि भिंत वरून सुटत जाते.

कोकणातल्या वाचकांना हे नवीन वाटणार नाही. जांभ्याचा गडगा मातीचुन्याशिवाय रचतात तो याच कारणाने. फटींतून पाणी आपले आपण निघून जाते आणि चार महिन्यांचा पाऊस गडगा सोसतो. त्याच गडग्याला बाहेरून सिमेंटचा गिलावा केला की तो दोन-तीन पावसाळ्यांत फुगतो.

गवताच्या उतारांचे गणित वेगळे आहे. दोनास एक, म्हणजे साडेसव्वीस अंशांपर्यंतचा चांगला चोपलेला उतार मुळांच्या जोरावर टिकतो. त्याहून उभा केला तर वरची माती सुटते. पण टिकणे आणि कापता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एडविन बडिंगने गवतकापणीच्या यंत्राचे पेटंट १८३० मध्ये घेतले. त्या शतकाच्या मध्यापर्यंत घोड्याने ओढायची यंत्रेही आली आणि हिरवळीवर खुरांचे ठसे उमटू नयेत म्हणून घोड्यांच्या पायांत चामड्याचे बूट चढवू लागले. सपाट टप्प्यांना हे सोयीचे झाले, उतारांवर मात्र लांब दांड्याचा विळाच चालवावा लागे. बसून चालवायच्या आजच्या बहुतेक यंत्रांना १५ अंशांपलीकडे उलटण्याचा धोका असतो. उताराची वरची कड यंत्राने खरवडली जाते, तिथे गवत मरते, माती उघडी पडते आणि पुढच्या पावसात तिथूनच ओघळ सुरू होतो. कड गोलसर ठेवली तर हा त्रास बराच कमी होतो. उन्हाकडे तोंड असलेल्या उतारावर उन्हाळ्यात माती लवकर सुकते, म्हणून तिथे गवत थोडे उंच राखतात.

इतिहासाकडे परत येऊ. १८४४ मध्ये सहावा व्हायकाउंट इटलीत बागेसाठी शिल्पे जमवून परतताना वारला. मुलगा आठ वर्षांचाही झाला नव्हता. काम थांबले, आणि पुढच्याच वर्षी बटाट्यावर करपा पडला. आयर्लंडच्या त्या महादुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तेवढीच देश सोडून गेली. १८४१ च्या जनगणनेत विकलो परगण्याची लोकसंख्या सव्वा लाखाच्या थोडी वर होती, दहा वर्षांनी ती एक लाखाच्या खाली आली. बागेचा खर्च जहागिरीच्या उत्पन्नातून, म्हणजे कुळांच्या खंडातून होत होता. या बागेच्या इतिहासातला हा मधला काळ प्रवासलेखांत एका वाक्यातही येत नाही, याचे आम्हाला वाईट वाटते. रॉबर्टसन १८४९ मध्ये वारला. त्याने पुढचे टप्पे पूर्ण झालेले पाहिले नाहीत.

सातवा व्हायकाउंट मर्विन विंगफील्ड १८५७ मध्ये वयात आला आणि काम पुन्हा सुरू झाले. त्याने व्हर्साय, व्हिएन्नातले शोनब्रून, जर्मनीतले श्वेत्झिंगेन या बागा पाहिल्या होत्या. आधी अलेक्झांडर रॉबर्टसन या स्कॉटिश माळ्याने टप्प्यांचे काम पुढे नेले, तो १८६० मध्ये वारला. मधला मोठा जिना आणि त्याचा चौथरा १८७०च्या दशकात फ्रान्सिस क्रॅनमर पेनरोजने आखला. अथेन्सच्या पार्थेनॉनच्या पायऱ्या सरळ नसून मध्यभागी किंचित उचललेल्या आहेत, हे बारीक मोजमाप करून दाखवणारा तो हाच पेनरोज. म्हणजे या बागेला इटालियन म्हणताना तिचा आराखडा निरनिराळ्या लोकांनी, तीनेक दशकांत, निरनिराळे नमुने समोर ठेवून केला हे विसरू नये. इटलीचा वाटा त्यात मोठा आहे, फ्रान्स, ऑस्ट्रिया आणि जर्मनीचाही आहे.

पेनरोजच्या चौथऱ्यावरची काळ्या-पांढऱ्या गोट्यांची नक्षी लेखकाने पाहिली आहे, पण तिला फरशी म्हटले आहे. ते ब्रेच्या किनाऱ्यावरून आणलेले समुद्रगोटे आहेत. अशा कामात गोटा आडवा ठेवत नाहीत, कडेवर उभा ठेवतात, आणि त्याचा दोन तृतीयांश भाग मसाल्यात गाडतात. आडवा ठेवलेला गोटा दिसायला मोठा दिसतो पण एका हिवाळ्यात उखडतो. खाली ठोकून घट्ट केलेला खडीचा थर, त्यावर वाळू-चुन्याचा बिछाना असतो. गोटे बसवून फळीने एका पातळीत ठोकायचे, फटींत कोरडे मिश्रण झाडून भरायचे आणि झारीने हलके पाणी शिंपडायचे. चारही बाजूंना दगडी पट्टी हवीच, नाहीतर कडेचे गोटे सुटतात आणि मग सगळी नक्षी पसरत जाते. आजचा मोठा शत्रू म्हणजे जोरदार फवाऱ्याने धुण्याचे यंत्र. शेवाळाबरोबर ते फटींतला चुनाही काढून टाकते. ताठ केसांचा ब्रश आणि साधे पाणी पुरेसे आहे.

खाली तळ्यापाशी दोन पंखधारी घोडे आहेत. विंगफील्ड घराण्याच्या कुलचिन्हात हे घोडे आधाराला आहेत. बर्लिनमध्ये ह्युगो हागेनने १८६९ मध्ये ते घडवले. लेखात त्यांना कांस्य म्हटले आहे, ते जस्ताचे आहेत. जस्त ४१९ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे त्याचे ओतकाम स्वस्त पडते आणि १९व्या शतकात बर्लिन त्यासाठी प्रसिद्ध होते. पण जस्त स्वतःच्या वजनाखाली वर्षानुवर्षे हळूहळू वाकते. म्हणून जस्ताच्या मोठ्या मूर्तींच्या पोटात लोखंडी सांगाडा घालत. ओल आत शिरली की लोखंडाशी टेकलेले जस्त आधी खाल्ले जाते, मग लोखंड गंजून फुगते आणि झाळलेले सांधे उघडतात. अशी मूर्ती तपासताना पाय आणि पोटाखालचे सांधे आधी पाहावेत. साचलेले पाणी बाहेर पडायला तळाशी भोक उघडे आहे ना, तेही बघावे.

तळ्यातला ट्रायटन रोमच्या पियाझ्झा बार्बेरीनी या चौकातल्या, शिल्पकार बर्निनीच्या कारंज्यावरून घेतला आहे. त्याची धार सुमारे १०० फूट, म्हणजे ३० मीटर वर जाते असे सांगतात. तेवढ्या उंचीला कारंज्याच्या तोंडाशी किमान तीन बार दाब लागतो, आणि हवेचा व नळाचा विरोध धरला तर आणखी बराच. नळ अरुंद केला किंवा त्यात गंज-क्षार साचले की आधी धारेची उंची घटते. कारंज्याचे तोंड बदलण्याआधी नळ तपासणे शहाणपणाचे.

डागडुजीविषयी थोडे, कारण अशा बागांचे नुकसान दुर्लक्षाइतकेच चुकीच्या दुरुस्तीने होते. चुन्यातल्या जुन्या भिंतीचे सांधे सिमेंटने भरले की भिंत बाहेरून नवी दिसते. ग्रॅनाइट कठीण असल्याने वालुकाश्मासारखा त्याचा दर्शनी भाग लगेच फुटत नाही, त्यामुळे चूक बरीच वर्षे लक्षात येत नाही. पण ओल बाहेर यायची वाट बंद होते, पाझराची भोकेही बहुतेक वेळा त्याच झपाट्यात बुजवली जातात, आणि पाणी मागे चढत राहते. योग्य रीत अशी. खिळखिळा मसाला हाताच्या छिन्नीने सांध्याच्या रुंदीच्या दुप्पट खोलीपर्यंत काढायचा, कापणीयंत्र लावायचे नाही, त्याने दगडाच्या कडा जातात. सांधा धुऊन ओलसर करायचा. पाण्यात घट्ट होणारा मध्यम ताकदीचा चुना एक भाग आणि धारदार, लहान-मोठ्या कणांची वाळू अडीच ते तीन भाग घेऊन मसाला दाबून भरायचा. रुंद सांध्यात दगडाच्या चिपा घालायच्या. तापमान ५ अंशांखाली जाणार असेल तर काम सुरूच करायचे नाही. नंतर आठवडाभर ओले गोणपाट लावून ठेवायचे. मसाला लवकर सुकला तर तो बोटाने खरवडला जातो.

भिंतीत उगवलेली झाडे ओढून काढू नयेत. आयव्ही किंवा ॲशचे मूळ बोटाएवढे झाले की ते ओढताना दगड घेऊनच बाहेर येते. बुंधा कापावा, मूळ मरू द्यावे आणि सांधा भरताना ते काढावे.

आयर्लंडमधली टप्प्यांची बाग म्हणजे एकटे पॉवर्सकोर्ट असेही नाही. कॉर्क परगण्यातल्या बँट्री हाउसला सात टप्पे आहेत, वाडा त्यातल्या तिसऱ्यावर बसवला आहे आणि मागे शंभर पायऱ्यांचा जिना वर चढतो. बँट्रीच्याच उपसागरात गार्निश बेटावर १९१० नंतर हॅरॉल्ड पीटोने इटालियन बाग आखली. तिथे खडकावर मातीच नव्हती, ती नावांतून आणावी लागली.

पैशाची बाजू लेखात पूर्ण सुटली आहे. १९०३च्या विंडहॅम कायद्याने कुळांना जमीन विकत घेण्याची सोय झाली आणि मोठ्या जहागिरींचे खंडाचे उत्पन्न आटत गेले. मे अखेरीस हजारो रोपे काचघरातून काढून वाफ्यात लावायची आणि ऑक्टोबरात उपटायची, ही व्हिक्टोरियन रीत माळ्यांच्या मोठ्या ताफ्याशिवाय चालत नाही. पहिल्या महायुद्धानंतर तो ताफा बहुतेक जहागिरींना परवडेना. वाफ्यांच्या जागी हिरवळ आली ती त्यामुळे, कोणाची अभिरुची बदलली म्हणून नव्हे. १९६१ मध्ये विंगफील्डांनी पॉवर्सकोर्ट स्लॅझेंजर कुटुंबाला विकले. ४ नोव्हेंबर १९७४ ला वाडा जळाला आणि दोन दशकांहून अधिक काळ उघडा राहिला, १९९६ मध्ये त्यावर पुन्हा छप्पर आले. त्या काळातही खालचे टप्पे जागचे हलले नाहीत.

आपले वाचक तिथे गेलेच, तर पाऊस थांबल्यावर तासाभराने भिंतीच्या पायथ्याशी चालत जावे. पाझराच्या भोकांतून स्वच्छ पाणी टिपकत असेल तर मागची चर चालू आहे. गढूळ पाणी येत असेल तर भरावातली माती वाहून चालली आहे. आणि सगळीकडे ओले असताना भोक कोरडे असेल, तर पाणी भिंतीमागे अडले आहे का ते बघायला हवे.

आपले,
उद्यानरचना आणि दगडी बांधकामाचे दोन अभ्यासक, पुणे